ताईशी भांडत खेळलेला गोल्फ

दातांच्या डॉक्टरांचा हात दवाखान्यात कधी थरथरला नव्हता. अक्कलदाढ कितीही आडवी बसलेली असो, माणसाला कळायच्या आत ती ट्रेमध्ये. गोल्फच्या मैदानावर मात्र त्यांचा काही भरवसा नसे. एका रविवारी वाघ, पुढच्या रविवारी शेळी. एक फटका चुकला की ते त्याची चिरफाड करत बसायचे. कोपर वाकलं, मान उचलली, श्वास अडला. या चिरफाडीत पुढचे तीन फटके हकनाक बळी जायचे.

क्लबच्या जोडीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांच्या जोडीदाराची पाठ धरली. ऐनवेळी मिळाली ती ताई. सख्खी मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, साठी उलटल्यावर खेळायला शिकलेली. तिचा चेंडू फार लांब जायचा नाही, पण जायचा तो नाकासमोर.

चौथ्या भोकावरच्या झेंड्याकडे जाताना डॉक्टरांचा चेंडू तळ्यात पडला. डुबुक!

"खांदा लवकर फिरला," डॉक्टर चालता चालता सुरू झाले. "म्हणजे पकडच मुळात..."

"छोट्या," ताई म्हणाली, "माझ्या निळ्या सायकलचा ब्रेक तूच तोडला होतास ना?"

"मी? अगं, तूच ती कुंपणावर नेऊन घातलीस!"

"साफ खोटं."

झालं, जुंपली. पन्नास वर्षं उराशी जपलेले पुरावे डॉक्टरांनी बाहेर काढले. बोलता बोलताच त्यांनी नवा चेंडू ठेवला, मारला आणि विचारलं, "आणि बाबांसमोर रडायचं नाटक कोणी केलं?" बरोबर खेळणाऱ्या समोरच्या जोडीने टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. चेंडू झेंड्याजवळ जाऊन बसला होता.

पुढे एक फटका झाडीत गेला, तर ताईने मामाच्या लग्नातल्या फोटोचा वाद उकरून काढला. दहाव्या झेंड्यापाशी डॉक्टरांची ट्यूब पेटली.

"तू मुद्दाम करतेयस!"

"मग? परीक्षेआधी रडणाऱ्या पोराला गणित शिकवून काय उपयोग? त्याला सांगायचं, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय."

"पण आता मला कळलं. आता ही मात्रा चालायची नाही."

"मग विषय तू काढ. मीच किती भांडू एकटी?"

बाराव्याला डॉक्टरांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात रुतला. "कोपर..." असं ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुझा गुडघा काय म्हणतोय?"

"पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे."

डॉक्टर थबकले. "आणि हे मला आज कळतंय?"

"रविवारी भेटतोस तेव्हा तुझ्या कोपराचंच चाललेलं असतं. माझ्या गुडघ्याचा नंबर लागणार कधी?"

ती हसत होती, पण डॉक्टरांना ते वर्मी लागलं. वाळूतून बाहेर यायला त्यांना दोन फटके लागले आणि त्या दोन्हींबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. हॉस्पिटल कुठलं, सर्जन कोण, जिने चढायला लागू नयेत म्हणून घरी खाली पलंग कुठे टाकायचा, हे विचारत विचारत ते चालत राहिले. मधे थांबायचे, चेंडूकडे नीट बघायचे, मारायचे आणि पुन्हा गुडघ्यावर यायचे. उरलेला खेळ थोर झाला नाही, पण एकदाही घसरला नाही.

जोडीचा नंबर आला चौथा, म्हणजे कपही नाही आणि भाषणही नाही. क्लबच्या व्हरांड्यात चहा घेताना समोरच्या जोडीतला एकजण मोठ्या उत्सुकतेने म्हणाला, "डॉक्टर, सतराव्याचा तो फटका! कसा काय जमवलात?"

"सतराव्याला?" डॉक्टरांनी खरोखरच आठवून पाहिलं. "काही कल्पना नाही हो," असं म्हणून ते ताईकडे वळले. "बरं, पहिले पंधरा दिवस तू आमच्याकडेच राहायचंस. आणि यावर भांडण नकोय."

"भांडणार तर," ताई म्हणाली आणि तिने दुसरा चहा मागवला.