मोठा पाळणा आधी

सोमवारी संध्याकाळी वराळ्यात, शालनबाईंच्या अंगणात, कस्तुराबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर रोलर कोस्टरमध्ये बसल्या होत्या.

खुर्चीला चाकं नव्हती आणि अंगणाला चढ नव्हता, पण बाकीची तयारी होती. मानसीची पाठपिशवी छातीवर उलटी अडकवून तिचे बंद खुर्चीच्या पाठीला बांधले होते. वजन यावं म्हणून शालनबाईंनी आत पुस्तकं भरली होती. लेक मानसी तळेगावच्या कॉलेजात ग्रंथपाल असल्यामुळे त्या घरात वजनाला तोटा नव्हता.

"डोस्कं मागं टेकीव," शालनबाई म्हणाल्या. "हनवटी छातीला लावायची न्हाई, मान आखडती."

"टेकीवलं."

"आता दांडी धर. दातात जीभ घ्यायची न्हाई."

"दात कुटंत मला? कवळी हाय."

"मंग कवळी मानसीपाशी द्यायची."

पायरीवर बसून पुस्तकाला कव्हर घालत असलेली मानसी मान वर न करता म्हणाली, "डबी घेऊन या, कस्तुरामावशी. मागच्या वर्षी विठाबाईंनी रुमालात दिली होती."

शालनबाई पूर्वी तळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. कारखान्याची सहल एकदा लोणावळ्याला, कुसगावच्या पलीकडच्या पार्कात गेली. तिथं त्या पाण्याची रांग समजून ज्या रांगेत उभ्या राहिल्या, ती वावटळीची निघाली. वावटळ म्हणजे तिथला सगळ्यांत मोठा रोलर कोस्टर, बायकांच्या भाषेत मोठा पाळणा. दोनदा माणसाला उलटं करतो आणि मग सुलटं करून सोडून देतो. खाली आल्यावर शालनबाईंनी पदर सारखा केला, पाणी कुठं आहे ते विचारलं, पाणी प्यायल्या, आणि पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून गावातल्या बचत गटाची सहल दरवर्षी तिथंच जात आली होती. इतर गटांच्या बायका देवदर्शनाला जात. या गटात जय भीम म्हणणाऱ्या होत्या, नवरात्र बसवणाऱ्या होत्या आणि कशालाच वेळ नसणाऱ्याही होत्या. एका देवावर एकमत होणं अवघड होतं. पाळण्यावर झालं होतं.

सहलीचे नियम शालनबाईंचे. ते कुठं लिहिलेले नव्हते, पण गावात म्हणींसारखे चालत. शनिवार-रविवारी जायचं नाही, त्या दिवशी अर्धी मुंबई लोणावळ्यात गाडीत बसून असते. डिसेंबर-जानेवारीतही नाही, शाळांच्या सहली असतात. पावसाळ्यात तर मुळीच नाही. मोठा पाळणा बंद ठेवतात, तिकीट मात्र चालू असतं. म्हणून फेब्रुवारीतला मंगळवार, यंदा पुढच्या आठवड्यातला. फाटक उघडायच्या आधी पोचायचं. आत गेल्यावर कारंज्यापाशी फोटो काढत बसायचं नाही, तडक मागच्या टोकाला जायचं. मोठा पाळणा आधी, बारके मागाहून. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा भाकरी बसमध्येच खायची, पण बसायच्या अगदी तोंडावर नाही. चिक्की येताना घ्यायची. साडी चालते, पण पदराला दोन पिना. शक्यतो सुनेचा पंजाबी ड्रेस. आणि एक माणूस खाली ठेवायचं. चपला, चष्मे, मोबाईल, मंगळसूत्रं, कवळ्या, सगळं त्याच्या ओटीत घालून हात मोकळे करून वर जायचं.

ते माणूस म्हणजे मानसी. पहिल्या वर्षापासून ती वावटळीखालच्या सिमेंटच्या बाकावर पिशव्यांच्या ढिगाऱ्यात पुस्तक घेऊन बसत आली होती. किती जाडजूड ग्रंथ तिनं तिथं संपवले, डोक्यावरून बायका किंचाळत जात असताना. एका प्रसिद्ध मृत्यूचं वर्णन वाचताना नेमकी वरून विठाबाईंची चप्पल पडली होती. त्यानंतर चपलांचा नियम झाला.

"या खेपंला तरी बसतीस का?" शालनबाईंनी विचारलं. दरवर्षी विचारत.

"बघू."

"बघू म्हंजी न्हाई."

"चष्म्याचं काय करू? आणि पिशव्या कोण सांभाळणार?"

मानसीकडे कारणं भरपूर होती. चष्मा, पाठीची शीर, आदल्या रात्रीचं जागरण, राहिलेलं शेवटचं प्रकरण. खरं कारण एकच होतं आणि ते तिनं आईला कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? अकरावीला पहिल्या गाडीनं एकटीला पुण्याला धाडताना आईनं आख्ख्या स्टँडला ऐकवलं होतं, "आमची मानसी कशाला भीत न्हाई." ते वाक्य मग सुटलंच नाही. मुलाखतीला, ऑपरेशनच्या आधी, लग्न मोडलं तेव्हा, दर वेळी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगे आणि मानसी ते खरं करत बसे. पस्तिशी उलटलेल्या, गावात सर्वांत जास्त शिकलेल्या बाईला पाळण्याची भीती वाटते, हे आता जाहीर करण्यात काही अर्थ नव्हता.

"मी हाय ना शेजारी," शालनबाई म्हणाल्या. मग खुर्चीकडे वळल्या. "तुझ्याबी शेजारी मीच बसनार हाय, कस्तुरे. शबुद दिला."

"आन वर गेल्यावं?"

शालनबाईंनी वाकून कस्तुराबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. कस्तुराबाई पाठपिशवीसकट हसल्या, खुर्ची कलली. मानसीनं सेलोटेप दातानं तोडली. काय सांगितलं ते तिनं विचारलं नाही. रात्री पिठलं-भात झाला. आई टीव्हीसमोर बसल्या बसल्या पेंगली आणि "मी जागी हाय" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनबाई स्वयंपाकघरात फरशीवर मेथी निवडायला बसल्या आणि तिथंच गेल्या. निवडलेली एका बाजूला, न निवडलेली दुसऱ्या बाजूला, मध्ये त्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. आई जन्मात कुठं दुखलं म्हणाली नव्हती. दरवर्षी दोनदा उलटी होऊन सुखरूप घरी येणारी बाई, सपाट फरशीवर बसल्या जागी गेली. मानसीला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. अशा गोष्टीवर हसेल असं माणूस एकच होतं.

पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर गटातल्या बायका येऊन ओसरीवर बसल्या. मानसीचे वडील निवृत्तीभाऊ भिंतीला टेकून होते.

"आमी न्हाई जायाचं म्हणतोय," भामाबाई म्हणाल्या. भामाबाई शेजारच्या, गटाच्या अध्यक्षा. बोलायचं काम त्यांचं.

"व्हय, न्हाईच," विठाबाई म्हणाल्या.

"कसं जायाचं?"

"तोंड हाय का जायाला?"

भामाबाईंनी पदर सारखा केला.

"आन गेलोच आसतो," भामाबाई म्हणाल्या, "तर गाडी किती वाजता यायची व्हती?"

"सहाला," मानसी म्हणाली.

"सा का? म्या सात धरून चाललेली."

निवृत्तीभाऊंनी घसा साफ केला. "सोपानची मिनीबस तिनं सांगून ठिवलीया. नगं म्हणायचं आसंल तर तुमी म्हणा. मी तिचं काम मोडणार न्हाई." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. गोठ्यात जनावर नव्हतं, स्कूटर होती. तिच्यापाशी बराच वेळ उभे राहिले.

"पिशव्या सांभाळायला कुणीतरी लागेल," मानसी म्हणाली, आणि सहल ठरली.

ठरलेल्या मंगळवारी मिनीबस वडगाव ओलांडून कामशेतला आली तोवर शालनबाईंच्या नियमांवरून भांडण पेटलं होतं.

"शालन म्हणायची, पुढल्या शिटावं बसायचं."

"मागल्या! मागं मजा हाय म्हणायची."

"मधल्या," मानसी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "पुढं दिसतं जास्त, मागं हिसका जास्त. पहिल्यांदा बसणाऱ्यानं मध्ये बसायचं."

"सगळं पाठ हाय हिला," भामाबाई म्हणाल्या. "पाळणा सोडून."

बस हसली. मानसीही हसली. आई गेल्यानंतर कुणी तिची टर उडवली नव्हती. सगळे तिच्याशी पाहुण्यासारखे बोलत होते. तिला बरं वाटलं. वलवणच्या आधी भाकरी निघाल्या, ठेचा निघाला, सोपाननं आरशात बघत स्वतःचा वाटा मागून घेतला.

बाकी सगळं नियमाप्रमाणे झालं. फाटक उघडलं, कारंज्यापाशी कुणी थांबलं नाही, बायका मागच्या टोकाला तडक निघाल्या. वावटळीखाली रांग नव्हतीच. बाक तिथंच होता. मानसी बसली. ओटीत चपला, मोबाईल, मंगळसूत्रं आली. कस्तुराबाईंनी डबी आणली होती. सुनेच्या जांभळ्या ड्रेसात त्या कुणा दुसऱ्याच घरच्या वाटत होत्या. भामाबाई सोडून सगळ्या जिना चढून गेल्या. मानसीनं पुस्तक उघडलं आणि एकच ओळ तीनदा वाचली.

जिन्यावरून कस्तुराबाई खाली आल्या.

"काय झालं, मावशी?"

"मी न्हाई बसत." कवळीविना त्यांचे शब्द हवेत निसटत होते. "दोगी-दोगींच्या शिटा हायेत. मी एकली उरले. पाळण्यावरचा पोरगा म्हणतोय, ह्या सायबाच्या शेजारी बसा. सायेब कोण, कुटला."

"विठाबाईंशी बदलून घ्या."

"न्हाई. शालननं शबुद दिलता, मी शेजारी हाय म्हणून. खुर्चीत बशिवलं मला. म्या कवळी काढली." डोळे पुसायला त्यांनी पदर शोधला. ड्रेसाला पदर नव्हता, ओढणी तर पिनांनी जखडलेली. "जाऊं दे. कवळी दे माझी मला."

मानसीनं डबी हातात घेतली आणि परत दिली नाही. आईनं हातात घेतलेलं एकच काम अर्धं राहिलं होतं, असं नाही. मेथी राहिली होती, निवृत्तीभाऊंचा स्वेटर राहिला होता. पण त्या कामांना समोर उभं राहून रडता येत नव्हतं.

"चष्मा, पिशव्या..." तिनं सुरुवात केली.

"आन हिकडं," शेजारून भामाबाई म्हणाल्या. यंदा त्यांना रक्तदाबाची गोळी चालू झाली होती, आणि फलकावर रक्तदाबवाल्यांना मनाई लिहिलेली होती. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला नाराज बसल्या होत्या. "मला काय पिशव्या धरता येत न्हाईत? येवडी म्हस धरली जल्मभर."

मानसीनं ढिगारा त्यांच्या ओटीत सरकवला. चष्मा काढून दिला. पुस्तक हातातच राहिलं.

"त्येबी ठिव," भामाबाई म्हणाल्या. "वर वाचनार हायेस का?"

मधली सीट. उजवीकडे कस्तुराबाई. वरून लोखंडी पट्टा छातीवर आला आणि कडकन बसला. मानसीला वजन ओळखीचं वाटलं. पुस्तकांनी भरलेल्या पिशवीएवढंच होतं. आईचा अंदाज कुठंही, कधीच चुकत नसे. भाताचाही.

गाडी हलली आणि चढाला लागली. खालून साखळीचा कटकट आवाज येऊ लागला. चष्मा नसल्यामुळे लोणावळा मानसीला दिसलाच नाही. सुकलेल्या गवताचा पिवळा रंग, त्यात कसलंसं करडं, आणि दूर एक्स्प्रेस वेवर रांगणारे ठिपके. तिनं वाचलेल्या साऱ्या पुस्तकांतलं एकही वाक्य मदतीला आलं नाही.

"डोस्कं मागं टेकीव," कस्तुराबाई म्हणाल्या. "हनवटी छातीला न्हाई."

"टेकवलं, मावशी."

"तुला भ्या वाटतंय का गं?"

"नाही" हे उत्तर तयार होतं. ते नेहमीच तयार असायचं.

"मला लय वाटतंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर शालननं सांगितलंय, टोकाला पोचलं की त्वांडानं बोलायचं. मोठ्यांदा. मला भ्या वाटतंय म्हणायचं, मंग खाली याया हलकं जातं. ती सोता म्हणायची की. दर खेपंला."

"आई म्हणायची?"

"दर खेपंला. इचार इठाबाईला. तिच्या कानठळ्या बसायच्या."

एवढ्या वर्षांत हा नियम मानसीच्या कानावर आला नव्हता. तो खाली बसणाऱ्यांसाठी नव्हता. खाली फक्त किंकाळी पोचत असे, आणि तिच्यातले शब्द तिनं कधी लावून पाहिले नव्हते.

साखळीचा आवाज थांबला. गाडी टोकावर आली आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी क्षणभर तशीच राहिली. पुढं रूळ दिसत नव्हता. चष्मा असता तरी दिसला नसता.

"मला भ्या वाटतंय गं, शालन!" कस्तुराबाई ओरडल्या.

मानसीनं दांडी घट्ट धरली.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "मला भीती वाटते. मला पहिल्यापासून भीती वाटते."