यादीखालची पांढरी जागा

चूक मावशीच्या हाताची निघाली, तर भाचीच्या पदरात आणखी तीन दवाखाने पडणार होते. एवढा लाभ समोर असलेल्या माणसाने जितक्या निःपक्षपातीपणे तपासणी करावी, तितक्या निःपक्षपातीपणे ती दवाखान्याच्या काउंटरवर मावशीच्या खुर्चीत बसून यादीतल्या नावांवर क्लिक करत होती.

दाताच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. पेशंट आले त्या क्रमाने यादी. नावावर क्लिक केलं की ते बाहेरच्या पडद्यावर झळकायचं. पण तीन आठवडे मधूनच कुणीतरी आत्ता आलेला माणूस सगळ्यांच्या आधी पुकारला जायचा आणि बाहेर भांडण जुंपायचं. डॉक्टरांनी निदान केलं होतं : प्रोग्रॅम नवा आहे, हात जुना आहे. एक तारखेपासून मावशी मागच्या खोलीत फायली लावायला, आणि प्रोग्रॅम त्यांच्या बाकीच्या तीन दवाखान्यांत.

"चार नावं दाबली, चौघं ओळीने उठले," भाची म्हणाली. "सगळं बरोबर आहे."

"असणारच. केलंय कुणी?" मावशी शेजारच्या स्टुलावरून म्हणाली.

"लाडात येऊ नकोस. तू वेगळं काय करतेस ते सांग."

"काही नाही गं. नाव दाबते, माणूस आत जातो, मग तो बाण खाली पांढऱ्यावर नेते. नावांवर राहिला की अक्षरं झाकतो मेला."

"नुसता नेतेस?"

मावशीने चष्मा पुसायला घेतला. "कधीमधी एकदा दाबते. पेन टेकवून ठेवावं तसं."

भाचीने बाण उरलेल्या पाच नावांखालच्या पांढऱ्या जागेवर नेला आणि दाबलं. बाहेर नुकताच टेकलेला, गाल सुजलेला माणूस उठून उभा राहिला. बाकीच्या चार माना एकदम काउंटरकडे वळल्या.

त्यांची माफी मागून तिने प्रोग्रॅम उघडला. शोधायला फार लागलं नाही. क्लिकच्या सर्वांत जवळचं नाव कोणतं, एवढंच तिने यादीला विचारलं होतं. यादी बिचारी भिडस्त. खाली कुणीच नसलं तरी शेवटचं नाव पुढे करायची. क्लिक नावावर पडलंय का, हे तिने विचारलंच नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"चौथ्या दिवशीच कळलं. पण हाताची सवय जाते का?"

"मग डॉक्टरांना सांगायचं ना."

"काय सांगायचं? माझं वय झालंय हे त्यांना पटलेलंच आहे. तुझा प्रोग्रॅम जेमतेम महिन्याचा. त्याला कशाला बोल लावायचा?"

भाचीने एक ओळ वाढवली. पांढऱ्यावर दाबून पाहिलं. बाहेर कुणी उठलं नाही.

डॉक्टर हातमोजे काढत आले. "काय निघालं?"

"माझाच हात हो," मावशी म्हणाली.

"नाही, डॉक्टर. चूक माझी होती. आत्ता दुरुस्त केली."

डॉक्टरांनी हातमोजे डब्यात टाकले. "बरं. मावशी राहू देत इथेच. त्या तीन दवाखान्यांचं पुढच्या वर्षी बघू." आणि आत गेले.

भाची खुर्चीतून उठली. मावशी मात्र स्टूल सोडेना.

"अकरा वेळा बोलणी खाल्ली मी," ती म्हणाली. "सगळी फुकट घालवलीस."

डॉक्टरांचं काहीच गेलं नाही. त्या दिवशी रांगसुद्धा वेळेआधी संपली.