इनास जागेवरून उठला नाही

"मिसाला जाऊन इनास ख्रिस्तप्रसादाला उठला नाही, तर त्या दिवशी त्याला जेवण वाढू नको, फिलू. आधी विचार."

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासू मला हे म्हणाली. तिच्यासमोर मासळीचा कोयता होता, हात खवल्यांनी भरलेले. मी सावंतवाडीच्या कॉलेजात बी.ए. झालेली. मला हसूच आलं. "मांय, नवऱ्याच्या आत्म्यावर पाळत ठेवायला मी काय पोलीस आहे?"

मांय हसली नाही. "पोलिसाक पगार मेळटा गो. तुका जाप दिवची पडटली."

जाप म्हणजे जबाब. कोणाला, ते विचारायची गरज नव्हती. मी विषय बदलला. पुढे मांय वारली, आणि तिचं बोलणंही मी विसरले.

यंदा मे महिन्यात गोवा वेगळं राज्य झालं, त्यानंतरच्या ऑगस्टमधली ही गोष्ट. आम्ही डिचोली तालुक्यात खाणीच्या खोलीत राहत होतो. इनास तिथे सुपरवायझर. एका रविवारी चर्चमध्ये मिसाच्या शेवटी ख्रिस्तप्रसादासाठी सगळे रांगेत उभे राहिले. मी दहा महिन्यांच्या लिदियाला खांद्यावर घेऊन पुढे सरकले आणि सहज मागे पाहिलं. इनास बाकावरच होता. लोकांना जाता यावं म्हणून त्याने गुडघे एका बाजूला वळवले होते आणि तो खाली फरशीकडे बघत होता.

ज्याच्या मनात मोठं पाप आहे, तो त्या रांगेत उभा राहत नाही. आमच्या लहान पोरांनाही हे ठाऊक असतं. पोट बिघडलं असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि दुपारी त्याला जेवण वाढलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा बसून राहिला. मागच्या बाकावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी लिदियाचं झबलं उगाच नीट करत राहिले. घरी आल्यावर त्याचे कपडे हुंगले, खिसे चाचपले. दारू नव्हती, बाईचा वास नव्हता. त्यामुळे भीती कमी व्हायची ती वाढलीच.

संध्याकाळी आम्ही तेर्स म्हटला, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेर्स संपला की लहानांनी मोठ्यांपुढे हात जोडायचे आणि मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून बेसांव द्यायचा, आशीर्वाद द्यायचा. मी लिदियाचे हात जोडून तिला इनासपुढे धरलं. त्याने हात पाठीमागे नेला.

"हात का देत नाहीस?"

"मळलेत."

"आत्ता धुतलेस. माझ्यासमोर."

लिदिया त्याच्याकडे बघून हसत होती. तो भिंतीकडे वळला.

"इनास, काय केलंस तू?"

"काही केलं नाही. तेच तर." मग भिंतीकडेच बघत म्हणाला, "कुमसाराला गेलो होतो. पाद्रीबाबांनी सगळं ऐकून घेतलं. माफी दिली नाही."

पापनिवेदन करून माणूस माफीशिवाय परत येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. घरात पहिल्यांदाच ऐकत होते.

मग त्याने सांगितलं. खनिज धुतलेलं तांबडं पाणी साठवायचं तळं डोंगरावर आहे. त्याच्या बांधाला चीर गेली होती. त्याने हात घालून पाहिला, कोपरापर्यंत आत गेला. मालकाला सांगितलं तर मालक म्हणाला, वरून माती टाक आणि गप्प बस, पाऊस सरला की बघू. बांधाखाली मजुरांच्या खोपी आहेत म्हटल्यावर म्हणाला, "ते पलीकडचे. आता आपलं राज्य झालं, तू आपली माणसं बघ."

"आणि पाद्रीबाब?"

"म्हणाले, माफी झालेल्या गोष्टीची मागतात, बाबा. तुझी अजून व्हायची आहे, आणि ती तू होऊ देतोयस. आधी खाली जाऊन सांग, मग इथे ये."

खोपींतली पहिली खोप यशोदाची. हद्दीपलीकडच्या दोडामार्गची, खाणीवर पाट्या वाहणारी. दवाखान्याच्या बाकावर आमची ओळख झाली होती. तिचा अक्षय माझ्या लिदियापेक्षा थोडा लहान. मी मालवणीत बोलते म्हणून तिला माझं कोण अप्रूप.

तरी माझ्या तोंडून पहिलं निघालं ते असं, "सांगितलंस तर ही खोली जाईल."

"म्हणून तुला बोललो नाही. आता तुलाही ठाऊक झालं."

चुलीवर भात शिजला होता. मांयची खवल्यांनी भरलेली बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी भाताचं भांडं उतरवून बाजूला ठेवलं, पण त्याला ताट वाढलं नाही. "उजेड आहे तोवर चल," म्हटलं. वाड्यावरचं छोटं कपेल, म्हणजे प्रार्थनाघर, झाडायची पाळी त्या महिन्यात आमची होती. त्याची किल्ली मी बरोबर घेतली.

खोपींपाशी मुकादम सगुण विडी ओढत बसला होता. "येवा साहेब! बाळाक घेऊन? खंय बारसा-बिरसा हा काय?"

इनास म्हणाला, "पाऊस फार आहे. चार दिवस सगळ्यांनी कपेलात येऊन झोपा."

"कपेलात?" सगुणने सगळ्यांकडे वळून डोळे मिचकावले. "कोकणी येणा नाय म्हणान काल आमका हसत होतास. आज बाटवूक नेतास की काय?"

सगळे हसले. यशोदाही पदर तोंडाला लावून हसली. इनासनेही ओठ हलवले, आणि मला दिसलं, तो सुटल्यासारखा झाला होता. सांगायला गेलो होतो, त्यांनी ऐकलं नाही, असं आता त्याला म्हणता आलं असतं. तो परत वळला. वाट अरुंद होती. मी बाजूला झाले नाही.

"सगळं सांग."

"फिलू, सरक."

"पाऊस फार आहे, एवढंच तू कुमसारात सांगितलं होतंस?"

त्याने लिदियाकडे पाहिलं. मग मागे फिरून एका दमात बोलला, "बांध फुटायला आलाय. दोन आठवडे मला ठाऊक आहे. मालकाने गप्प राहा म्हटलं, मी गप्प राहिलो."

हसणं थांबलं. सगुणच्या हातातली विडी तशीच राहिली. यशोदा पुढे आली.

"दोन आठवडे? माझो पोर त्याच भिंतीक लागान निजता, साहेब." ती मला हाताला धरून खोपीमागे घेऊन गेली. दरडीतून तांबडं पाणी झिरपत होतं. बारीक, पण थांबत नव्हतं. "माका वाटला पावसाचा."

"यशोदा, त्याला माफ कर गो."

"तुमचो देव करीत. मी नाय करूचंय." असं म्हणून तिने आधी अक्षयला उचललं, मग गोधडी.

त्या रात्री सगळे कपेलात झोपले.

बांध फुटला असता तर आम्ही देवदूत ठरलो असतो. तो फुटला नाही. पाऊस उघडला, मालकाने चिरेवर ट्रकभर माती ओतली आणि इनासला काढून टाकलं. मजूर एकेक करून परत गेले. काम तिथेच, चूल तिथेच. सगुण म्हणाला, "साहेबाच्या बांधापेक्षा साहेबच आधी फुटलो." इनास तालुक्याच्या कचेरीत जाऊन आला. बघायला माणूस पाठवू म्हणाले. अजून कोणी गेलेलं नाही.

पुढच्या रविवारी इनास ख्रिस्तप्रसादाला उठला. संध्याकाळी त्याने लिदियाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी सुटकेचा श्वास टाकला तेव्हा म्हणाला, "माफी मिळाली, फिलू. चीर आहे तिथेच आहे."

आम्ही आता सावंतवाडीला माझ्या आईकडे असतो. इनास मधूनमधून तिकडे जातो, पण खाणीचे राखणदार त्याला हटकतात. गेल्या वेळी त्याने लांबून पाहिलं. पहिल्या खोपीतून धूर येत होता. म्हणजे यशोदाही परत गेली. पाऊस अजून संपलेला नाही. लिदिया रात्री माझ्या कुशीत वळते आणि मी जागी होते, पाठीमागची भिंत चाचपते.

म्हणून हे लिहिलं. आता हे तुम्हालाही ठाऊक झालं. डिचोलीहून वाळपईच्या बसने गेलात, तर डाव्या हाताला तांबडा डोंगर लागतो आणि रस्त्याला तीन काजूची झाडं. तिथे उतरा. तुम्हाला राखणदार ओळखत नाहीत. पहिल्या खोपीच्या मागे जाऊन दरडीला तळहात लावून बघा. ओली लागली, तर यशोदाला हाक मारा, फिलूने पाठवलंय म्हणा. ती चिडेल, बोलेल. ऐकून घ्या. अक्षय आत निजलेला असेल. आधी त्याला उचला.