ढमी एकटी उरली

मित्रांनो, मी एक म्हातारी डुकरीण आहे. लगेच नाक मुरडू नका. आम्हां डुकरांना तुमच्यासारखा घाम येत नाही, म्हणून अंग थंड ठेवायला आम्ही ओला चिखल माखून घेतो.

श्रीरामपूरकडच्या बेलापूरजवळ पाटाच्या कडेला, वेड्या बाभळीच्या जाळीत माझा जन्म झाला. एलिया आणि मेरी या नवराबायकोची तिथे थोडीशी जमीन आहे. मी गोलमटोल होते, म्हणून मेरीने माझे नाव ढमी ठेवले. आम्हाला कोणी दिवसभर कोंडत नसे. सकाळी फाटक उघडले की आमचा कळप रानात पांगायचा आणि उन्हे उतरताना परतायचा.

शेजारचा जालिंदर आम्ही बांधावर दिसलो की वास येतो म्हणत ढेकळे मारायचा. पण एका वर्षी त्याच्या वावरात लव्हाळा माजला. कितीही खुरपले तरी जमिनीतल्या गाठींतून ते गवत पुन्हा वर येई. शेवटी तो मेरीकडे आला.

"मेरीताई, तुमची डुकरं सोडता का माझ्या वावरात?"

"का वं? आता वास येत न्हाई व्हय?"

"येतो की. पन लव्हाळ्यापरीस बरा हाय!"

आम्ही नाकाने माती उकरून त्या गाठी वेचून खाल्ल्या. वावर मोकळे झाले. "ट्रॅक्टरला जमलं न्हाई ते ह्या ढमीनं केलं," असे जालिंदर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

मग यंदाचा हिवाळा आला. मेरी माहेरी गेली होती. एलियाने श्रीरामपूरच्या एका लग्नातले उरलेले जेवण ड्रम भरून आणले. मेरी असे जेवण आधी निवडायची आणि खारट ते बाजूला काढायची. एलियाने हे काम कधी केले नव्हते. लोणच्याचा सगळा खार भातात मुरला होता. आज जनावरांची मेजवानी, असे म्हणत त्याने प्रेमाने सारे ओतले. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर धावत होते, म्हणून फाटकही लावले. मोटर जळाल्यामुळे पाण्याचा हौद कोरडा होता. "उद्या भरू," तो म्हणाला.

मी चिखलात डुलकी लागून मागे राहिले होते. परतले तर फाटक बंद. मी पाटाचे पाणी प्यायले आणि बाहेरच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी आत माझ्या बहिणी, माझ्या लेकी डोळे असून आंधळ्यासारख्या भिंतीला धडकत होत्या. जनावरांचे डॉक्टर आले, म्हणाले, "मीठ फार गेलं पोटात, आणि वर पाणी नाही." एकही वाचली नाही.

मित्रांनो, त्यानंतर मी रोज फाटकाशी उभी राहून हाक मारायची. कोणी उत्तर देत नसे. रान तेच होते, पण एकटीने उकरायला मन होईना. मी खाणे सोडले.

"हिला विकून टाकू," एलिया म्हणाला. "हिला बघितलं की मला त्येच समदं दिसतं."

"मग तुमी डोळं मिटा," माहेराहून परतलेली मेरी म्हणाली. "कळपातलं जनावर हाय ते. तुमी हिला टेम्पोत घालायला निघाला, अन् ती सोबतीवाचून मरतीया. सोबत आना आधी."

मग तिसगावच्या बाजारातून एलिया दोन पिल्ले घेऊन आला.

पिल्ले मला बिचकतात. वेगळ्या कोपऱ्यात झोपतात. मला अजून माझ्या लेकींचीच आठवण येते. मित्रांनो, मुक्या जनावराला काहीही घालताना ते नुसत्या मायेने घालू नका. त्याला काय सोसते ते आधी जाणत्याला विचारून घ्या, आणि पाणी उद्यावर ठेवू नका.

काल थंडी वाढली. धाकटे पिल्लू हळूच आले आणि माझ्या पोटाशी टेकून झोपले. त्याची झोप मोडेल म्हणून मी सकाळपर्यंत कूस बदलली नाही.