एका बैठकीत एकच

“हे पुसून टाक,” वत्सलाताई म्हणाल्या.

सुप्रियाचा हात फळ्यावरच थांबला. रामाकोना गावच्या बुद्धविहारात फवारणीचे मजूर जमू लागले होते. वत्सलाताईंच्या हाताखाली तिची ही शिकवण्याची पहिलीच बैठक, म्हणून तिनं मोठ्या झोकात लिहिलं होतं, ‘सुरक्षित फवारणीची माहिती’, आणि खाली कृषी खात्याच्या साहेबांनी दिलेले सगळे मुद्दे.

“काय चुकलं, ताई?”

“माहिती घेऊन मानूस घरी जाते, हात जसाचा तसा राह्यते. इथून उठतीन तवा त्याईले काय करता आलं पायजे, ते लिही. एकच. आन् ते आपल्याले डोयानं दिसलं पायजे.”

“पण साहेब...”

“सायबाले मी पाहून घेईन.”

खडू घेऊन ताईंनी स्वतःच लिहिलं: ‘नोझल चोंदलं आणि मालक घाई करून राहिला, तरी तोंड न लावता साफ करता येईल.’

एवढंच? सुप्रियाला हसूच आलं. हे तर कुणीही सांगेल.

सांगायला सगळेच सांगत होते, तीच तर पंचाईत होती. कपाशीवर फवारताना पंपाच्या नळीच्या टोकाचं नोझल चोंदलं की ते काढायचं, ओठांशी धरायचं आणि फुंकर मारायची, ही इथल्या हातांची लहानपणापासूनची सवय. विष तोंडात जातं हे ठाऊक नसलेला एकही माणूस तिथं नव्हता. पुढेच बसलेले प्रकाशभाऊ, म्हणजे ताईंचे यजमान, मागच्या हंगामात दवाखान्यातून कसेबसे जिवंत परतले होते. त्याआधी त्यांनीही एक प्रशिक्षण घेतलं होतं आणि सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते. आजारपणानंतर उद्या ते पहिल्यांदाच फवारायला निघणार होते. ताईंनी अडवून पाहिलं, पण घरी बसून भाऊंचा जीव उबगला होता.

पंपात साधं पाणी भरलं, नोझलमध्ये चिमूटभर गाळ कोंबला. बाजूला जुना टूथब्रश ठेवला. मालक व्हायचं काम सुप्रियाकडे आलं.

“ढग येऊन राहिले, सुखदेवभाऊ, हात चालवा लवकर,” ती ओरडली आणि सुखदेवचं नोझल थेट तोंडाशी गेलं. सगळे खदखदून हसले. दुसऱ्या खेपेला मात्र त्यानं ब्रश उचलला. एकेक जण उठत गेला, चुकला, हसला, शिकला.

प्रकाशभाऊंनी आधी सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवले. मग सुप्रियानं घाई केली आणि नोझल ओठांना लागलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात मिशीपर्यंत जाऊन थबकला आणि खाली आला.

“ताई, जमलं की. लागलं नाही ओठाला,” सुप्रिया घाईनं म्हणाली.

ताईंनी एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

“नाही जमलं,” त्या म्हणाल्या. “शेतात हा हात थांबनार नाही.”

आता कुणी हसलं नाही. भरल्या बैठकीत बायकोनं नवऱ्याला नापास केलं होतं. भाऊ उठून जातील, नाहीतर उलटून बोलतील, या भीतीनं सुप्रिया दोघांच्या मध्ये सरकली. भाऊंनी हातातलं नोझल बोटांत फिरवून पाहिलं.

“बरोबर सांगून राहिली ते,” ते म्हणाले. “मले नाही आलं. सुखदेव, मालकाले सांगजो, उद्या मी येत नाही. जमलं की मंगच येईन.”

उभा जन्म पाठीवर पंप वागवलेला माणूस गावासमोर ‘मले नाही आलं’ म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली नव्हती. त्या क्षणी सुप्रियाला त्या दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं.

बैठक संपली, माणसं पांगली. ताई सतरंज्या आवरू लागल्या. एकीची घडी मात्र त्यांनी घातली नाही. तिच्यावर प्रकाशभाऊ बसले होते. नोझल काढत होते, ब्रशनं घासत होते, पुन्हा बसवत होते.