हात न लावता केलेली पारख

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, कस्तुरेला जन्मल्यावर मध चाटवायच्या ऐवजी कुणीतरी ठेचा चाटवलाय. तर त्या दिवशी माझं जे काही चुकलं ते ह्या रागापायीच.

साल चौऱ्याहत्तर. भोसरीत आमची पंपांची कंपनी होती आणि मी तिथे स्टोअरला तपासनीस होते. आलेला माल बघायचा, बरोबर असेल तर पासचा शिक्का मारायचा, नसेल तर परत पाठवायचा. त्या खात्यात मी पहिली बाई. माझे वडील किसन, म्हणजे आमचे आबा, त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन. आम्ही दोघं कुरुळीहून एकाच एस्टीने यायचो. गेटपाशी आलं की आबा टोपी चढवायचे आणि मला म्हणायचे, "जावा मॅडम." आणि मी रोज चिडायचे.

त्या वर्षी आमच्याकडे आलेले जर्मन इंजिनियर परत निघाले होते. त्यांच्या मडमला निरोपाची भेट म्हणून कातड्याची उंची पर्स द्यायची, असं मॅनेजर साहेबांनी ठरवलं. मडमच्या माहेरी चामड्याचा धंदा होता म्हणे. म्हणजे बाईला कातड्यातलं कळत होतं, तिथे फसवाफसवी चालणार नव्हती. साहेबांनी पुण्याच्या कॅम्पातल्या एका व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने तीन पर्सा आणून टेबलावर मांडल्या. एक काळी, एक मधाच्या रंगाची आणि एक लालभडक, आरशासारखी चकचकीत. तिन्ही अस्सल, म्हणाला, पण लाल म्हणजे कोवळ्या वासराचं कातडं, राजाराणीच्या हातात शोभेल असं.

साहेब म्हणाले, "हे तपासून कोण देणार?"

खरेदी खात्याचे मुख्य अर्जुनराव शेजारीच बसले होते. पुनावळ्याचं जुनं घर, मोठी बागायत, बोलणं तसंच ऐसपैस. ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "कस्तुराबाईंना द्या की साहेब. कातड्याचं काय, त्यांच्या घरचंच हाय ते."

दोन कारकून हसले. साहेबांना बोलण्यातली मेख कळली नाही, ते मुंबईचे. ते म्हणाले, "असं? मग उत्तमच. उद्या चार वाजेपर्यंत सांगा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? घरचंच होतं ते. छप्पन सालापर्यंत कुरुळीत कुणाचं जनावर मेलं की आबांनाच बोलावणं यायचं. ओढून न्यायचं, सोलायचं, कातडं कमवायला ढोरवाड्यात पोचवायचं. मग बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आबांनी ते काम सोडलं. सोलायची सुरी लोहाराकडे नेऊन तिचा विळा करून आणला. गावाने दोन सुग्या त्यांना शेतावर कामाला घेतलं नाही, तरी ते माघारी फिरले नाहीत. पुढे कंपनीने वॉचमनला चामड्याचे बूट दिले तेही त्यांनी परत केले आणि स्वतःचे कॅनव्हासचे घातले. त्यावरूनही अर्जुनराव टिंगल करायचे.

आता बघा माझी कोंडी. बरोबर निवडलं तर म्हणणार, बघा, रक्तातच आहे. चूक निवडलं तर म्हणणार, बाईला तपासनीस करून काय मिळवलं. रात्रभर विचार करून मी माझ्या मते मोठं शहाणपण केलं. ठरवलं की लाल पर्स डोळे झाकून पास करायची. साहेबांना तीच आवडलेली. आणि कातड्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही, हे अर्जुनरावांना परस्पर दाखवून द्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेटच्या खोलीत आबांबरोबर भाकरी खाताना हे त्यांना सांगितलं. मला वाटलं खूश होतील. आबांचा घास हातातच राहिला.

"न बघता शिक्का मारणार तू?"

"मारणार. त्या अर्जुनरावाचं तोंड बंद करायला."

"आन् त्या परदेशी बाईनं पर्स उघडून बघितली म्हंजे? तिला काय, अर्जुनरावानं फसवलं वाटंल? शिक्का तुझा हाय."

"मग काय करू? तुमचं नाव घेऊन कातडं ओळखत बसू? तुम्ही सोडलंत ना ते?"

आबा पाणी प्यायले, त्यांनी हात धुतले, पुसले. मग म्हणाले, "काम सोडलं मी. अक्कल कुठं सोडली? जा, घेऊन ये तिन्ही."

मी आणल्या. स्टोअरची चिठ्ठी फाडून, रीतसर. खोलीतल्या बाकावर त्या मांडल्या आणि आबा पुढे आले ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी म्हटलं, हात लावून बघा ना. म्हणाले, "न्हाई. तुला हात हायत. मी सांगतो तसं कर."

खरं सांगते, माझा बाप असा मी कधी बघितला नव्हता. गेटवर सलाम ठोकणारा, एस्टीत पेंगणारा माणूस मला माहीत होता. हा कुणी वेगळाच होता. वाकून त्यांनी आधी नुसता वास घेतला, तिन्हींचा, एकेक करून. मग म्हणाले, "काळी उचल."

उचलली. फुलासारखी हलकी.

"ही शेळी. वर बारीक बारीक दाणे दिसत्यात न्हवं, रव्यावानी? त्यो तिचा जन्माचा दाणा. पातळ असतं, पन फाटता फाटत न्हाई. चांगलं कातडं हाय. पन एवढ्या मोठ्या पर्सला नको, सामान भरलं की पोट लोंबंल. लहान बटव्याला घेतली असती तर मी हिलाच पास म्हनलो असतो. आता ती मधाळ घे. झाकनापाशी हलकंच वाकव."

वाकवलं. घडीवर केसासारख्या बारीक सुरकुत्या उमटल्या आणि सोडलं तशा निघून गेल्या.

"नखानं एक रेघ वढ."

"आबा, ओरखडा पडेल."

"पडू दे. आता अंगठ्यानं चोळ."

चोळला, तर रेघ कातड्यात जिरून गेली. मी आबांकडे बघायला लागले. ते माझ्याकडे बघतच नव्हते, पर्सकडे बघत होते. अगदी मायेने, लेकराकडे बघावं तसं.

"हे वासराचं," ते म्हणाले. "हिरडा आन् बाभळीच्या सालीत कमावलंय, घाई केलेली न्हाई. महिनाभर तरी खड्ड्यात होतं. वास घेऊन बघ, झाडाचा येतोय. आन् हे पाठीचं कातडं हाय. पोटाचं सैल असतं, मानंचं वळ्यावळ्याचं. पाठीचं असं घट्ट. कुनीतरी मन लावून केलंय बघ हे काम. वापरंल तशी आनखी देखनी व्हईल."

"पण आबा, इथे डाग आहे." बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा एक वण होता. व्यापारीच म्हणाला होता, ह्यात जरा खोट आहे म्हणून स्वस्त.

"गोचीड चावल्याली ती. जित्या जनावराला गोचीड चावनारच. त्यो डाग म्हंजे खोट न्हाई, त्यो पुरावा हाय. आता ती लाल बघ. उजेडात धर. छिद्रं दिसत्यात?"

दिसत होती. सुरेख, एकसारखी, ओळीने.

"एकसारखी," आबा म्हणाले. "कुठल्या जनावराच्या अंगावर केसं अशी वळीनं उगवत्यात? साच्यानं दाबून काढलीत ती. झाकनाच्या आत शिवनीपाशी कड उघडी हाय, तिथं बघ. आतून लोकरीवानी भुसभुशीत दिसंल. म्हशीचं जाड कातडं आडवं चिरून वरची चांगली साल दुसरीकडं वापरली आन् ह्या खालच्या चोथ्यावर रंग चढवला. वरून कीर्तन आन् आतून तमाशा. बोट वलं करून टेकव."

मी पाण्याचा थेंब टेकवला. तो रंगावर मोत्यासारखा बसून राहिला. मधाळ पर्सवर टेकवलेला मात्र हळूहळू आत मुरला, काळसर झाला आणि थोड्या वेळाने वाळून गेला.

एवढा वेळ आबांचे हात पाठीमागेच होते. एकदाच, त्या मधाळ पर्सच्या कडेची शिवण बघताना, उजवा हात सुटून अर्ध्यापर्यंत पुढे आला. त्यांनी तो परत डाव्या हातात घट्ट धरला. एवढी विद्या ह्या माणसाच्या बोटांत होती, आणि माणसासारखं जगायचं म्हणून त्याने ती बोटं अठरा वर्षं आवरून धरली होती. आणि मी मूर्ख, तीच विद्या लपवायला निघाले होते.

चार वाजता साहेबांच्या खोलीत गेले. व्यापारी होता, अर्जुनराव होते. मी मधाळ पर्स पुढे ठेवली आणि म्हटलं, "ही पास. काळी चांगली आहे, पण ह्या कामाची नाही. लाल नापास."

व्यापारी उसळला. मी त्याला उजेडात छिद्रं दाखवली, कड दाखवली, पाण्याचा थेंब टेकवून दाखवला. तो आधी हसला, मग घामाघूम झाला, मग म्हणाला की मलाही मद्रासवाल्याने फसवलं असेल. साहेबांनी मधाळ पर्स हातात घेतली, वाकवली, वास घेतला. खूप वेळ तिच्यावर हात फिरवत राहिले.

"कमाल आहे," ते म्हणाले. "कस्तुराबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

अर्जुनराव खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू पसरायला लागलेलं मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, तू काय सांगणार, मीच सांगते.

"माझ्या वडिलांनी. गेटवरचे किसन. कुरुळीत मेलेली जनावरं सोलायचे ते. ऐकलंत अर्जुनराव? सोलायचे. आणि तुम्हाला अख्खं खरेदी खातं घेऊन जे दिसलं नाही ते त्यांना गेटवर बसून दिसलं."

मी तिथून निघाले ती थेट गेटवर. नुसती तरंगत होते. आबांना म्हटलं, "सांगितलं सगळ्यांना. तोंडावर सांगितलं. माझा बाप जनावरं सोलायचा, त्याने शिकवलं म्हणून."

आबा ट्रकसाठी फाटक उघडत होते. ट्रक आत गेला, त्यांनी वहीत नंबर लिहिला, मग विचारलं, "आन् सोडलं, ते?"

रागाच्या भरात तेच राहिलं होतं. अर्धंच सांगितलं होतं मी, आणि अर्जुनरावांना हवं होतं तेवढंच अर्धं.

"राहिलं, आबा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फाटकाची कडी लावत म्हणाले, "मग माझं काय सांगितलंस तू?"

मी तशीच मागे फिरले. जिना चढून गेले, दारावर टकटकसुद्धा केली नाही. आत चहा आला होता. साहेबांनी मान वर केली. व्यापारी गेला होता, आणि अर्जुनराव लाल पर्स हातात घेऊन तिची कड उलटून बघत होते.

"साहेब, एक सांगायचं राहिलं," मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, पण ह्या वेळी रागाने नाही. "माझ्या वडिलांनी छप्पन साली ते काम सोडलं. उपासमार सोसली, पण परत धरलं नाही. अठरा वर्षांत त्यांनी कातड्याला बोट लावलेलं नाही. आज ह्या पर्सांनासुद्धा नाही. हात पाठीमागे बांधून, नुसतं बघून सांगितलंय त्यांनी."

साहेबांनी कप खाली ठेवला. अर्जुनराव हातातल्या पर्सकडे आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी ती पर्स हळूच टेबलावर ठेवून दिली.