अंधारातली टाळी

नागऱ्याच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागला होता. देवाला जाते, असं सुनेला सांगून निघाले. खोटंच. अनुसया तंबूत जाणार आहे, हे कळलं होतं.

अनुसयाबाई माझी शेजारीण. बारा वर्षं झाली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही नाही बोलले. मी कोणाच्या पाया पडणारी बाई नव्हे. पण आता वाटत होतं, तिनं एकदा तरी बोलावं.

लढाईच्या दिवसांत गावच्या शाळेत गोरी फौज उतरली आणि घराघरातलं धान उचलू लागली. गावातले मिशीवाले गडी बसले डोकं खाजवत. अक्कल माझीच. म्हटलं, "दारोदार निंबाच्या डहाळ्या बांधा. सांगा, माता आली."

माता म्हणजे देवीचा रोग; ती आलेल्या घरात कोणी पाय ठेवत नाही. पोरांच्या तोंडावर कुंकवाचे ठिपके देऊन निजवलं. साहेब नाकाला रुमाल लावून पळाला. धान वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात खरीच माता आली. अनुसयेचा सुकराम गेला, सहा वर्षांचा. माझ्या दारात येऊन ती एवढंच म्हणाली, "तूच बलावली तिले." मग सारं गाव तेच म्हणू लागलं. धान खाल्लं सगळ्यांनी. माता तेवढी माझ्या एकटीची.

तंबूत अंधार झाल्यावर मी तिच्या बाजूला जाऊन बसले. तिला कळलं नाही. सिनेमाही तसलाच निघाला. परक्या फौजेनं गाव धरलेलं, अन् गावकरी धानाची पोती तिरडीवर बांधून, रडत रडत फौजेसमोरून नेतात. कप्तान टोपी काढून उभा!

मागून कोणी ओरडलं, "कायले टोपी काढून राहिला बे? धान मेलं का?"

अनुसया पोट धरून हासली. तिनं हात पुढे केला, "दे वो टाळी!"

मी दिली. तिनं माझा हात तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात रीळ संपलं, गड्यानं कंदील लावला. तिनं आधी हात पाहिला, मग मला, अन् उठू लागली.

"बस ना वो," मी म्हटलं, "मी का खाऊन राहिली तुले?"

म्हणायचं दुसरंच होतं.

"माहा सुकराम आता अठरा वर्साचा रायला असता," ती म्हणाली. हात सोडवून तंबूच्या पार त्या टोकाला जाऊन बसली.

दुसरं रीळ लागलं. लोक पुन्हा हासू लागले. मी कान देऊन बसले. त्या सगळ्या हासण्यात अनुसयेचं हासणं नव्हतं.